तीन तारांची एक तार

माझ्या घरात गेल्या वर्षापर्यंत तीन तारा येत होत्या. एक टेलिफोनची, एक टीव्हीची आणि एक इंटरनेटची. तिघी खिडकीच्या एकाच भोकातून आत शिरायच्या आणि पुढे अबोला धरल्यासारख्या तीन दिशांना जायच्या. इंटरनेटची जेवणाच्या टेबलाखालून जायची. एके दिवशी तीत पाय अडकून मी पडले. फार लागलं नाही. खुर्चीचा आधार घेत, वयाला शोभेल अशी हळूहळू पडले. चूक एवढीच झाली, की ते मी मुलाला सांगितलं.

मुलगा विमानाने जावं लागतं इतक्या लांब राहतो. लांबच्या मुलांना आईची काळजी अधूनमधून येते, पण येते तेव्हा सगळी साठलेली एकदम येते. तो म्हणाला, "आई, या तिन्ही तारा काढून टाकू. आता काचेची एकच तार मिळते. फोन, टीव्ही, इंटरनेट, सगळं तिच्यातूनच."

"माझा नंबर तोच राहील ना?"

"नंबराचं काय घेऊन बसलीस? राहील की. मी इथूनच अर्ज भरतो."

मला तारांबद्दल कोणी शिकवावं असं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी चौतीस वर्षं काढली आहेत. कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत, दोन्ही हातांत दोऱ्या; या भोकातली त्या भोकात घातली, की दोन माणसं बोलायला लागायची. माझी थोरली बहीण अक्का शेजारच्याच इमारतीत, तार ऑफिसात होती. ती टिकटिक करायची, मी 'नमस्कार, कुठला नंबर हवा' करायची. तिचं खातं वेगळं, माझं वेगळं, तारा वेगळ्या, साहेब वेगळे आणि अहंकारही वेगळे. आमचं म्हणणं, तारवाले मुके. त्यांचं म्हणणं, आम्ही वाचाळ.

मग एक दिवस इंजिनिअर लोकांनी असं काही यंत्र बसवलं, की टेलिफोनच्याच तारेतून अक्काच्या तारा जायला लागल्या. एका माणसाच्या बोलण्याला लागते तेवढ्या जागेत चोवीस तारा मावतात, असं निघालं. अक्काला ते कळल्यापासून माझी सुटका नव्हती. "तू एकदा 'अगं ऐकलंस का' म्हणतेस ना, तेवढ्यात माझे चोवीस निरोप पोचतात. उधळी कुठली." आज सगळं जग एका तारेत आल्याचं लोक कौतुकाने सांगतात. त्याची सुरुवात मला विचारा. त्याची सुरुवात माझ्या अपमानापासून आहे.

तर नंबर. नंबराचं काय घेऊन बसलीस, असं मुलाने विचारलं, तर काय घेऊन बसले होते ते सांगते.

अक्का आता ब्याऐंशीची आहे. मुलीकडे, म्हणजे माझ्या भाचीकडे, दुसऱ्या गावी असते. तिची आठवण गेली आहे. सगळी एकदम नाही. घर रिकामं करताना आधी चमचे जातात, मग कपाटं, तशी. जावयाचं नाव गेलं, मग ते जावई आहेत हे गेलं. उरलाय माझा नंबर. रोज दुपारी चार वाजता ती आपल्या खोलीत जाते, दार लोटते आणि माझा नंबर फिरवते. बोलणं जुन्याच सवयीचं, शब्द मोजून. "अक्का. बरी आहे. तू? ठेवते." एवढंच. मी पुढे काही सुरू करावं तर फोन ठेवलेला असतो.

या तारा बदलल्या त्याच्या आदल्या वर्षी मी तिला भेटायला गेले होते. तिने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आपण कोणाकडे आलात?" मी म्हटलं, "अक्का, मी धाकटी." ती भल्या माणसासारखी हसली. चार वाजता उठून आत गेली. पाच मिनिटांनी बाहेर आली आणि मलाच म्हणाली, "बहीण फोन उचलत नाहीये. बाहेर गेली असेल कुठेतरी. तिचा पाय घरात ठरत नाही."

म्हणजे समोर गेले तर मी परकी. तिच्या बहिणीचा पत्ता एकच, तो नंबर. तो गेला तर तिची बहीण गेली.

काचेची तार घेऊन जोडणीवाला आला तेव्हा मी त्याला हेच सांगितलं, जरा कमी शब्दांत. समोरच्या दारातले निवृत्त बँक मॅनेजरही आले. त्यांना कोणी बोलावलेलं नव्हतं. त्यांना आम्ही साहेब म्हणतो, कारण दुसरं काही म्हटलेलं त्यांना ऐकू येत नाही.

"नंबर आपोआप येतो मागोमाग," जोडणीवाला म्हणाला. "पंधरा दिवस तात्पुरता नंबर वापरा."

"तात्पुरता कशाला?"

"तांब्याच्या तारेवरून नंबर आधी सुटायला लागतो. सुटल्याशिवाय काचेवर बसत नाही."

"सुटला आणि बसलाच नाही तर?"

त्याने माझ्याकडे, लहान मुलाला विमान का पडत नाही हे सांगावं, तसं पाहिलं. साहेब म्हणाले, "वहिनी, तंत्रज्ञानावर विश्वास ठेवा. आमच्याकडे अख्खी बँक एका रात्रीत संगणकावर गेली." ती गेल्यावर तीन महिने कोणाला आपले पैसे सापडत नव्हते, याची मी त्यांना आठवण करून दिली नाही. माझी आठवण शाबूत आहे हे चारचौघांत दाखवू नये, असं अलीकडे मी शिकले आहे.

तार बसली. एक पांढरी पेटी भिंतीवर आली, हिरवे दिवे लुकलुकायला लागले. त्यानंतर घरात जे काही झालं त्याला एकजीव होणं म्हणतात. वीज गेली की टीव्हीबरोबर फोनही जायचा. पूर्वी वादळात दिवे जायचे पण फोन चालू असायचा, तेवढा आधार होता. टीव्हीचा आवाज कमी करायला जावं, तर फोनची घंटा कमी व्हायची. साहेबांनी टीव्हीचं आणि पेटीचं अशी दोन्ही माहितीपुस्तकं वाचली आणि रिमोटवरची चार बटणं एकदम दाबून सगळं दुरुस्त केलं. त्या दिवसापासून कोणाचाही फोन आला की तो टीव्हीतून बोलायला लागला.

आणि चार वाजता शांतता. पहिल्या दिवशी मी खुर्ची ओढून बसले, सवयीने. मग आठवलं, की तिच्याकडे जुना नंबर आहे.

भाचीला नवा नंबर देऊन झालाच होता. ती अक्काला माझा फोन लावून द्यायची. अक्का रिसीव्हर हातात घ्यायची, आकडे बघायची आणि परत द्यायची. "हा मी लावलेला नाही." मी इकडून केला तर म्हणायची, "ड्यूटीवर खासगी फोन घेत नाही." चाळीस वर्षं नियम पाळलेल्या बाईची आठवण जाते, नियम जात नाहीत.

पंधरा दिवसांचे वीस झाले. मी कंपनीच्या ऑफिसात गेले.

तळमजल्यावर काच, दुसऱ्या मजल्यावर तांबं, अशी वाटणी होती. तळमजल्याच्या खिडकीवर एक गोड चेहऱ्याच्या बाई होत्या. त्यांनी संगणकात बघितलं आणि म्हणाल्या, "जुना नंबर तुमच्या नावावर नाहीच आहे."

"ह्यांच्या नावावर आहे. माझ्या मिस्टरांच्या."

"मग ग्राहकांना स्वतः यायला लागेल."

"ते येऊ शकत नाहीत."

"आजारी आहेत का? मग व्हिडिओ कॉलवर ओळख पटवता येते."

"ते वारले त्याला अकरा वर्षं झाली," मी म्हटलं. "तिकडे रेंज असेल असं वाटत नाही."

त्या बिचाऱ्या शरमल्या आणि त्यांनी मला तीन अर्ज दिले. ते दुसऱ्या मजल्यावर नेऊन द्यायचे होते. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी त्यावर शिक्का मारून ते परत खाली न्यायला सांगितले, कारण खालचा आणि वरचा संगणक एकमेकांशी बोलत नाहीत. लिफ्ट बंद होती. एक काळ असा होता, की दोन गावांना बोलतं करण्यासाठी मी खुर्चीवरून उठतही नव्हते. आता सगळं जग एका तारेत आणणाऱ्या कंपनीच्या दोन मजल्यांना जोडायला मी जिना चढत-उतरत होते. तिसऱ्या फेरीला मी जिन्यातच बसले. पहारेकरी म्हणाला, "आजी, कोणाची वाट बघताय?" मी म्हटलं, "लाइन जोडतेय." त्याने पाणी आणून दिलं.

साहेबांचं म्हणणं, मी ग्राहक मंचाकडे जावं. आमच्या इमारतीतल्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचं म्हणणं, एवढं कशाला, एका बहिणीचा तर फोन. मुलगा म्हणाला, "आई, तिला आठवत तरी आहे का गं तू?" त्याचा हेतू वाईट नव्हता. मी टीव्ही बंद केला. तो टीव्हीतून बोलत होता, त्यामुळे आपोआप तोही बंद झाला. एकजीव होण्याचा हा फायदा मान्य करायला हवा.

सहाव्या आठवड्यात एका दुपारी मी बातम्या बघत होते. निळ्या कोटातली बाई कुठल्यातरी पुलाबद्दल सांगत होती. मध्येच तिच्या तोंडून माझ्या भाचीचा आवाज आला. "मावशी, आईचं औषध बदललंय. पण आता बरी आहे. तुझा नंबर परत आला ते फार बरं झालं बघ."

"कुठे आलाय?" मी त्या बाईला विचारलं.

"आला नाही? मग ती रोज चार वाजता कोणाशी बोलते?"

"माझ्याशी नाही."

"अगं, महिना झाला. वीस-वीस मिनिटं. दार लोटून घेते. बाहेर आली की खुशीत असते." निळ्या कोटातली बाई हसत होती, कारण पुलाची बातमी संपून क्रिकेटची लागली होती.

वीस मिनिटं. मला आयुष्यात तिने सलग दोन मिनिटं दिली नव्हती. आधी मला काळजी वाटली की कोणी फसवत तर नसेल, हे मी जगाला सांगते. खरं तर आधी राग आला. मग मी उठले आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःचाच नंबर फिरवला.

दोन घंटा झाल्या. एक जाड आवाज म्हणाला, "बोला, लाँड्री."

रिकामा झालेला नंबर कंपनीच्या यंत्राने आपला आपण पुढच्या ग्राहकाला देऊन टाकला होता. बसने चौथ्या थांब्यावर त्यांचं दुकान होतं. मी त्याच दिवशी गेले. भांडायच्या तयारीने गेले, चांगली साडी नेसून. दाराजवळ इस्त्रीचा वाफारा होता, मागे टांगलेल्या शर्टांच्या रांगा. लाँड्रीवाले पन्नाशीचे, दंडावर भाजल्याचे जुने डाग असलेले गृहस्थ होते. पाटीवर माझा नंबर लाल रंगात रंगवलेला होता. परक्या माणसाच्या अंगावर आपला शर्ट दिसावा, तसं मला झालं.

"हा नंबर माझा आहे," मी म्हटलं.

त्यांनी इस्त्री उभी केली. "तुम्ही धाकट्या का?"

माझी तयारी तिथेच संपली. मी होकाराची मान हलवली.

"बसा," ते म्हणाले. "तुमच्या तारा आहेत."

त्यांनी गल्ल्याखालून पावत्यांचा एक गठ्ठा काढला. रबर लावलेला. पुढच्या बाजूला शर्ट दोन, चादर एक. मागच्या बाजूला, पाठमोऱ्या, अक्का.

"पहिल्या दिवशी म्हणाल्या, धाकटी आहे का," ते सांगायला लागले. "मी म्हटलं, राँग नंबर. परत लावला. परत सांगितलं. चौथ्यांदा वैतागलो. म्हटलं, आजी, काय निरोप असेल तो सांगा, मी लिहून घेतो. तर त्यांचा आवाजच बदलला बघा. एकदम साहेब झाल्या. म्हणाल्या, 'हां. लिहा.'"

मला कळलं. 'लिहून घेतो.' हे शब्द तार ऑफिसचे. पूर्वी घरबसल्या फोनवरून तार करता यायची. तुम्ही टेलिफोन करायचा, तिकडच्या टेबलावरचा माणूस 'लिहून घेतो' म्हणायचा, तुमचा मजकूर उतरवायचा, शब्दन् शब्द वाचून दाखवायचा आणि मग तो पुढे तारेने जायचा. माझ्या खात्याचं आणि अक्काच्या खात्याचं ते पहिलं लग्न. अक्काने शेवटची नऊ वर्षं त्याच टेबलावर काढली. बहिणीच्या नंबरावर बाप्याचा आवाज आला, तो लिहून घेतो म्हणाला, म्हणजे हे तार ऑफिस. आता ती गिऱ्हाईक होती. तार मला होती.

"वाचून दाखवल्याशिवाय सोडत नाहीत," लाँड्रीवाले म्हणाले. "एक शब्द चुकला तर पहिल्यापासून. माझं अक्षर सुधारलं त्यांच्यामुळे. इस्त्री करपली दोनदा, पण अक्षर सुधारलं."

"आणि मला का नाही कळवलं?"

"कळवणार कसं? पत्ता दिला त्यांनी. धाकटी, टेलिफोन एक्स्चेंज, तिसरं टेबल. दोनदा जाऊन आलो. तिथे आता गाड्या लावतात."

दोनदा जाऊन आले होते. मी चष्मा पुसला आणि पावत्या वाचायला घेतल्या. एकतीस होत्या.

'पाय बरा. खिडकीत बसते. काळजी नको. अक्का.'

'इथली मुलगी चांगली. माझीच आहे म्हणते. नाव विसरते. तिला कळवू नको. अक्का.'

'रेडिओ सापडत नाही. तुझ्याकडे असल्यास ठेव. अक्का.'

'मागल्या वर्षी एक बाई भेटायला आली. तुझ्यासारखी हसली. वाईट वाटलं. अक्का.'

एक पावती मी परत मागे ठेवली आणि परत पुढे काढली. 'आई आदल्या दिवशीच गेली होती. आजारी म्हणून तुला तार केली. प्रवासात रडू नयेस म्हणून. रागावू नको. अक्का.' मी तेव्हा दूरच्या गावी बदलीवर होते. अठरा तास आशा धरून प्रवास केला आणि पोचले तर सगळं आटोपलेलं. तेरा शब्दांची खोटी तार केल्याबद्दल मी अक्काशी वर्षभर बोलले नव्हते. वर्षानंतर बोलले, पण तो विषय आम्ही कधी काढला नाही. त्याला पन्नास वर्षं झाली. आता त्याचा खुलासा दोन पँट आणि एका टेबलक्लॉथच्या मागे होता.

"घरातलं आहे काही, म्हणून मी कोणाला दाखवलं नाही," लाँड्रीवाले म्हणाले आणि उगाच एका इस्त्री झालेल्या शर्टावरून परत इस्त्री फिरवायला लागले.

नंबर ते द्यायला तयार होते. पाटी परत रंगवावी लागेल म्हणाले, पण ठीक आहे. मला राहवेना, मी म्हटलं तुमचं नुकसान होईल. ते म्हणाले, "बाई, कपडे कुठल्याही नंबरावर धुता येतात."

आम्ही दोघे मिळून कंपनीत गेलो. गोड चेहऱ्याच्या बाई म्हणाल्या, नंबर सोडणारा आणि घेणारा एकाच वेळी हजर असल्याची त्यांच्याकडची ही पहिलीच वेळ, त्यामुळे त्यासाठी अर्जच नाही. मग त्यांनी 'ग्राहकाचा मृत्यू' आणि 'दुकानाचे स्थलांतर' हे दोन अर्ज एकमेकांना टाचून दिले. लाँड्रीवाल्यांचं दुकान कागदोपत्री माझ्या घरी हललं, तिथून परत दुकानी गेलं आणि जाताना नंबर ठेवून गेलं. दोन मजल्यांचे जिने या खेपेला ते चढले.

निघताना ते म्हणाले, "बाई, एक सांगू? नंबर तुमच्याकडे आला की त्यांना तारवाला लागेल. तुम्ही एकदम बहीण म्हणून बोलू नका. घाबरतील. आधी 'बोला' म्हणायचं, मग थांबायचं. त्यांनी 'लिहा' म्हटल्यावरच लिहायचं. आणि मध्ये बोलायचं नाही. जमेल ना?"

चौतीस वर्षं टेलिफोनवर काढलेल्या बाईला एक लाँड्रीवाला फोन कसा उचलावा हे शिकवत होता. मी म्हटलं, "जमेल."

नंबर मंगळवारी आला. साहेबांनी पांढऱ्या पेटीसमोर उभं राहून माझं अभिनंदन केलं, जणू तो त्यांनीच आणला होता. मी त्यांना रिमोटची चार बटणं उलट्या क्रमाने दाबायला लावली आणि घरी पाठवलं. टीव्ही गप्प केला. टेबलावर कागद ठेवला, पेन्सिलीला टोक केलं. चाराला दोन मिनिटं कमी होती.

घंटा वाजली. मी सगळं ठरवलेलं होतं. रिसीव्हर उचलला आणि म्हटलं, "अक्का."

तिकडून, "कोण बोलतंय? तारवाले कुठे आहेत?"

हा तिचा आवाज, आणि त्यात मी नाही. जिने, अर्ज, सहा आठवडे, सगळं करून मी परत त्या खुर्चीवर येऊन बसले होते, हातात पाण्याचा पेला, आपण कोणाकडे आलात. मी घसा साफ केला.

"ते रजेवर आहेत," मी म्हटलं. "मी बदली आहे. बोला."

"नवीन दिसता."

"हो."

"नियम माहीत आहेत ना? वाचून दाखवायचं असतं."

"माहीत आहे. लिहून घेते."

"हां. लिहा." ती पत्ता सांगायला लागली. धाकटी, टेलिफोन एक्स्चेंज, तिसरं टेबल. मी लिहिला. मग मजकूर. "रोज तार करते. उत्तर नाही. रागावलीस का. अक्का."

मी वाचून दाखवलं. 'रागावलीस'पाशी आवाज जरा हलला.

"परत वाचा," ती म्हणाली. मी पहिल्यापासून परत वाचलं. या वेळी सरळ.

"ठीक. आणि हे बघा, ही जवाबी आहे. उत्तराची सोय मी करून ठेवलीय. तुमचा माणूस उत्तर घेऊनच परत यायला हवा."

जवाबी तार म्हणजे उत्तराच्या दामासकट पाठवलेली तार. तारवाला दारात उभा राहायचा, तुम्ही उत्तर लिहून द्यायचं. मी समोरच्या कागदाकडे बघितलं.

"बाई, थांबा," मी म्हटलं. "उत्तर आलेलंच आहे. सकाळीच आलं. वाचू?"

"वाचा."

"रागावले नाही. धाकटी."

तिकडून पुटपुटत शब्द मोजल्याचं ऐकू आलं. मग तिच्या आवाजात जुनी धार आली, खात्यातली. "तीन शब्द?"

"तीन."

"सहीसकट?"

"सहीसकट."

"ही तिची नाही. माझी बहीण तीन शब्दांत आटपणारी नाही. ती एक्स्चेंजमध्ये आहे. नमस्कार करायलाच तिला सात शब्द लागतात. कोणा भलत्याचीच तार माझ्या नावावर लावलीय तुम्ही. नीट बघा."

मी नीट बघितलं. कागद कोराच होता.

"चुकलं बाई," मी म्हटलं. "मी खालचं वाचलंच नाही. पुढे आहे."

"किती आहे?"

"पुष्कळ आहे."

"तेच म्हटलं. वाचा."

"अगं अक्का, ऐकलंस का," मी वाचायला लागले. "रागावले होते, खोटं कशाला सांगू, वर्षभर रागावले होते. पण त्या गाडीत अठरा तास मी शेजारच्या बाईला आईच्या गोष्टी सांगत होते, आई बरी झाली की तिला कुठे कुठे नेणार ते सांगत होते, आणि ती बाई हसत होती, तर आईबरोबरचे ते शेवटचे अठरा तास तुझ्या तारेमुळे मला मिळाले, आणि हे तुला सांगायचं राहून गेलं, कारण तू फोन ठेवतेस लगेच, तुला मोजायची खोड आहे, आणि तो रेडिओ माझ्याकडेच आहे, तू शोधू नकोस, आणि ती तुझ्याकडची मुलगी तुझीच आहे, तिचं नाव विसरलीस तरी चालेल, तिला राग येत नाही, आणि मागल्या वर्षी भेटायला आलेली बाई..."

"हीच," अक्का मध्येच म्हणाली. मला नाही, खोलीतल्या कोणाला तरी, किंवा कोणालाच नाही. "हीच ती. काय उधळते शब्द." मग मला म्हणाली, "थांबलात का? पुढे आहे ना?"

"आहे."

"मग वाचा. सावकाश. एकही गाळू नका."